फ्रान्समधल्या गढीची पुस्तिका

ते काम माझ्याकडे आलं तेव्हा मला खरं तर ते नको होतं, पण नको म्हणायलाही अंगात जोर नव्हता. म्हणून घेतलं.

नोव्हेंबर होता. कार्डिफला नोव्हेंबरात दुपारी चारलाच घरातले दिवे लावावे लागतात. माझी पाठ धरली होती. बाबांच्या कानातलं मशीन तिसऱ्यांदा बिघडलं होतं, त्यामुळे मी दिवसभर मोठ्याने बोलायची आणि संध्याकाळपर्यंत माझा घसा बसायचा. आई गेल्यावर मी बाबांना लंडनजवळच्या इल्फर्डहून इकडे आणलं, त्याला आता सहा वर्षं झाली. माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात नोकरीला होता, तोही आता नाही. घरात आम्ही दोघंच, पंच्याऐंशीचे बाबा आणि साठीला टेकलेली मी.

मी आयुष्यभर फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतरं केली. फ्रेंच मला आवडली त्याचं कारण साधं आहे. अकराव्या वर्षी मी आईबरोबर वऱ्हाडातल्या गावातून इल्फर्डला आले, तेव्हा शाळेत इंग्रजीच्या तासाला मी सगळ्यांत मागे असायची. फ्रेंचच्या तासाला मात्र सगळा वर्ग माझ्याइतकाच अडाणी होता. तिथे मी पहिल्यांदा हात वर केला. मराठी सुटली नाही ती बाबांमुळे. दर रविवारी एक पान मराठीत लिहून दाखवल्याशिवाय टीव्ही लागत नसे.

आता भाषांतर मशीन करतं. एजन्सी मला मूळ फ्रेंच मजकूर आणि मशीनने केलेलं इंग्रजी असं दोन्ही शेजारी शेजारी लावून पाठवते. मी फक्त चुका वेचायच्या. पूर्वी एखाद्या वाक्यावर सकाळभर बसायची, आता एका सकाळी दहा पानं. संपल्यावर काय वाचलं ते आठवत नाही.

हे काम म्हणजे फ्रान्समधल्या एका शातोची पुस्तिका होती. शातो म्हणजे किल्लाही आणि सरदाराचा राहता वाडाही. बाबांना मी दोन-तीन शब्द सांगून पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गढी." तेव्हापासून आमच्या घरात ती गढीच झाली. गढीत आता लग्नं लागतात. लग्नाला इंग्रज पाहुणे बरेच येतात, त्यांच्यासाठी गढीचा आणि तिच्या मालकांचा इतिहास इंग्रजीत हवा होता. मूळ फ्रेंच मजकूर गावातल्या एका शाळामास्तरांनी जुने कागद चाळून लिहिलेला होता. ते मास्तर वारले होते.

चारच्या चहाला बाबा विचारायचे, "आज कोण मेलं?"

मग मी दिवसभरात जेवढे मालक उरकले असतील तेवढे त्यांना मराठीत मोठ्याने सांगायची. पहिला मालक एका बड्या सरदाराच्या पदरचा लढवय्या. त्याने लढाईत धन्याचा जीव वाचवला, त्याबद्दल त्याला नदीकाठची जमीन मिळाली आणि त्याने टेकाडावर लाकडी बुरूज उभा केला. नातवाने तो दगडी केला. पणतवाने भोवती खंदक खणला.

"खणला की खणवला?" बाबा म्हणाले.

"खणवला."

पुढे दोन भावांत वाटणी झाली. त्यांनी अंगणात मधोमध भिंत घातली आणि मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. हे बाबांना अगदी ओळखीचं वाटलं. मग एकाला मुलगा नव्हता, म्हणून मुलगी चौदाव्या वर्षी शेजारच्या सरदाराला दिली आणि गढीवरचं निशाण बदललं. मग घराण्यात एक बिशप निपजला. तो गढीत कधी राहिला नाही, पण त्याने एक मोठा जिना बांधून ठेवला. हे लोक जन्मत होते, लग्नं करत होते, कोर्टात जात होते आणि मरत होते. त्यांचे दत्तक, त्यांची भांडणं, त्यांच्या विधवा. दुसऱ्या आठवड्यात मला नावं वाचूनच थकवा यायला लागला. शेवटच्या मालकापर्यंत पोचेपर्यंत मीच जाते की काय, असं मी बाबांना म्हटलं.

क्रांती झाली तेव्हाचा मालक पळून लंडनला आला. तिथे तो श्रीमंतांच्या मुलींना नाच शिकवायचा आणि त्याची बायको गवताच्या टोप्या विणून विकायची. हा मालक बाबांना आवडला. ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

"लंडनला कुठे?"

"लिहिलेलं नाही."

"आल्या दिवशी उतरला कोणाकडे? कोणीतरी घरात घेतलं असेल ना?"

"तेही नाही लिहिलेलं, बाबा."

"तेच तर लिहायला पाहिजे," ते म्हणाले. स्वतः ते इल्फर्डला आले तेव्हा दोन खोल्यांत सात जण राहायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला झोपायचा. त्या सातही जणांची नावं आणि गावं बाबांना अजून पाठ आहेत.

नाच शिकवणारा मालक पुढे फ्रान्सला परत गेला. तोवर गावकऱ्यांनी गढीची दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. त्याच्या मुलाला ती विकावी लागली. ती एका बटणांच्या कारखानदाराने घेतली, आणि गंमत म्हणजे त्या कारखानदाराच्या नातीने जुन्या सरदाराच्याच पणतवाशी लग्न केलं. घराण्याचं नाव त्याचं, बटणांची श्रीमंती तिची. आजचे मालक त्या दोघांचे वंशज.

हे सगळं झाल्यावर मी चुका तपासायला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि सतराव्या पानावर अडले. मशीनच्या इंग्रजीत लिहिलं होतं की, गावातले लोक गढीवर येऊन आपली 'चोअर्स' करत. चोअर्स म्हणजे घरातली कामं. भांडी विसळणं, खोली आवरणं. माझ्या मुलीला लहानपणी मी शनिवारी करायला लावायची, ती.

पहिल्या वेळी मी ह्याच वाक्यावरून न थांबता पुढे गेले होते. मला त्याची लाज वाटली.

मी फ्रेंच पान उघडलं. तिथे शब्द होता 'कॉर्वे'. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कंटाळवाणं काम असाच होतो, त्यामुळे मशीनचंही तसं चुकलं नव्हतं. पण मास्तर जुन्या काळाबद्दल लिहीत होते. गावातल्या प्रत्येक घराने वर्षातले ठरावीक दिवस धन्याकडे राबायचं, बिनमोबदला. दगड वाहायचे, रस्ता दुरुस्त करायचा, धन्याचं गवत आधी कापायचं आणि मग वेळ उरला तर आपलं. पुढे मास्तरांनी आणखी एक वाक्य लिहिलं होतं. धनीणबाई बाळंत व्हायची तेव्हा गावकऱ्यांनी काठ्या घेऊन खंदकाचं पाणी झोडपत राहायचं, म्हणजे बेडूक ओरडणार नाहीत आणि बाईंना झोप लागेल.

इंग्रजीत ह्याला नेमका शब्द सापडेना. मराठीत शोधावा लागला नाही. वेठ.

त्या दिवशी चहाला मी बाबांना ते पान सांगितलं. बेडकांचं ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "बेडकांना गप्प करायला माणसं." आणि पेला खाली ठेवला.

नंतर त्यांनी त्यांच्या आज्याची गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. आज्याकडे गावकीची कामं होती. कोणी मेलं की परगावी सांगावा न्यायचा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं. आज्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं त्या दिवशी एक साहेब गावात मुक्कामाला होता. सकाळी तो निघाला, तेव्हा त्याचा आंघोळीचा टब न्यायला माणूस हवा होता. मांडवातून आज्याला बोलावून नेलं. जस्ताचा तो टब डोक्यावर घेऊन आजा तीन कोस गेला. परत आला तेव्हा मुलगी सासरी गेली होती.

"नाही म्हणता आलं नसतं का?" मी विचारलं. विचारल्यावर प्रश्न किती बावळट आहे ते कळलं.

"नाही म्हणायची सोय असती तर तिला वेठ कशाला म्हटलं असतं, बाई?" बाबा म्हणाले. "तू ते घरकाम काढून टाक तिथून. आणि नीट लिही."

मी नीट लिहिलं. बिनमोबदला, सक्तीने करून घेतलेलं काम, असं सरळ इंग्रजीत. बेडकांचं वाक्य मशीनने बरं केलं होतं, ते ठेवलं. काम पाठवलं आणि दोन दिवस पाठीला गरम पिशवी लावून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी पान परत आलं. सक्तीचा शब्द खोडून तिथे पुन्हा चोअर्स लिहिलेलं होतं. मी पुन्हा बदललं, पुन्हा परत आलं. शेवटी एजन्सीतून निरोप आला की गढीच्या मालकीणबाईंना माझ्याशी फोनवर बोलायचं आहे.

फोन दुपारी आला. बाई सत्तरीच्या असाव्यात. आवाज बारीक, पण शब्द ठाम. आम्ही फ्रेंचमध्येच बोललो.

"तुमचं काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तो एक शब्द तेवढा सोडा. चोअर्स किती गोड वाटतं. मुलांनी आपली खोली आवरल्यासारखं."

"मादाम, मूळ मजकुरात अर्थ तसा नाही."

"मला माहीत आहे काय आहे ते. आमची माणसं हे शाळेत शिकतात, वाचतात आणि पुढे जातात. पण इंग्रज इथे लग्न करायला येतात. मुलीचे आईवडील अंगणात उभे राहून पुस्तिका चाळतात. त्या दिवशी त्यांना सक्ती, मजुरी हे कशाला?"

मी म्हटलं की बेडकांचं वाक्य राहणारच आहे, मग हे झाकून काय मिळणार?

"बेडूक लोकांना आवडतात," त्या म्हणाल्या.

 मग त्या एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागल्या. छप्पर गळतं. पाऊस आला की त्या स्वतः बादल्या मांडत फिरतात. अख्ख्या गढीत ती दोघं तीन खोल्यांत राहतात, बाकी बंद. नवऱ्याला आता काही आठवत नाही. ज्या घराण्याच्या नावासाठी एवढं केलं, ते नाव त्यांना सकाळी सांगावं लागतं. ते दिवसभर खिडकीशी बसून विचारतात, आपण घरी कधी जायचं?

"मी इथे सून म्हणून आले," त्या म्हणाल्या. "माझे वडील औषधांचं दुकान चालवायचे. पंचेचाळीस वर्षं मी ह्या दगडांचं करते आहे. रोज. माझ्या कॉर्वेबद्दल कोण लिहिणार, सांगा मला."

त्यावर उत्तर होतं. त्यांना कोणी मांडवातून उठवून नेलं नव्हतं. पण समोर बाबा खुर्चीत झोपले होते, त्यांची मान एका बाजूला कलली होती, त्यांची गोळी द्यायची राहिली होती, आणि त्या बाईचा आवाज मला माझाच वाटला. मला भांडायचं नव्हतं. मला फोन खाली ठेवायचा होता.

मी म्हटलं, "ड्यूटीज लिहू का? गावकरी आपली ड्यूटी करत. चोअर्सपेक्षा बरं."

"हो, हो. ड्यूटीज. छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी माझे मनापासून आभार मानले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "लिहिलंस ना नीट?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

माझी मुलगी ब्रॅकनेलला एका टेक कंपनीत काम करते. त्या शनिवारी तिचा फोन आला, तेव्हा मी तिला हे सांगितलं.

"आई, इट्स जस्ट अ बुकलेट. तू एवढा टेन्शन का घेते? तुझा पाठ कसा आहे?" आणि मग थोडं थांबून, "पण तू आजोबांना खोटं का सांगितली?"

तिच्या मराठीत लिंगं नेहमी चुकतात. बाकी काही चुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, दमले होते म्हणून. ती म्हणाली, "हं."

पुस्तिका एप्रिलमध्ये पोस्टाने आली. गुळगुळीत कागद, वर गढीचा उन्हातला फोटो. मी ती पुस्तकांच्या मागे सरकवून ठेवणार होते, पण पाकीट बाबांनीच उघडलं होतं. ते पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसातून रिटायर झालेले, आलेलं टपाल त्यांच्या हातून गेल्याशिवाय मला मिळत नाही. ते भिंग घेऊन खिडकीपाशी बसले आणि रोज थोडी थोडी करत त्यांनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली. चार दिवस मी त्यांच्या हातातलं पान कितवं आहे ते चोरून बघत होते.

पाचव्या दिवशी जयंतीचा कार्यक्रम होता. बाबांचा निळा कोट मी इस्त्री करत होते. ते आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"ड्यूटी मी केली, बाई," ते म्हणाले. "वेळेवर कामाला गेलो, आठवड्याला पगार घेतला. युनियनचा मेंबर होतो. ताप आला तर घरी राहायची सोय होती. त्याला ड्यूटी म्हणतात."

मी इस्त्री उभी करून ठेवली. "त्या बाईंनी ऐकलं नाही, बाबा."

"तू सांगितलंस का तिला?"

"सांगितलं. पण मग सोडून दिलं."

त्यांनी मान हलवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "निदान तुमच्या प्रतीत पेनाने दुरुस्त करून देऊ?"

"माझ्या प्रतीत कशाला?" बाबा म्हणाले. "मला माहीतच आहे."

त्यांनी कोट घातला, आणि मी गाडी काढली. कार्यक्रमाला हॉलमध्ये लहान मुलांनी भाषणं केली, कोणीतरी आणलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. बाबा सगळ्यांशी हसून बोलले. माझ्याशीही. घरी येताना ते गाडीत झोपले. मला मात्र कार्यक्रमभर एकच गोष्ट दिसत होती. मी एवढी वर्षं शब्दांचं काम केलं, आणि ज्या एका शब्दाबद्दल मला खरोखर काही माहीत होतं, तो मी दहा मिनिटांच्या फोनवर देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. तक्रार म्हणून नाही. मी लिहिलं की माझ्या भाषेत त्या फ्रेंच शब्दाला एक नेमका शब्द आहे, माझ्या पणज्याने ते काम केलं आहे, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी काय झालं ते असं असं. मी लिहिलं की तुमच्या बादल्यांचं मला खरंच वाईट वाटलं, पण ते वेगळं आहे, आणि हे त्या दिवशी बोलायचं धैर्य मला झालं नाही. पुस्तिका पुन्हा छापाल तेव्हा विचार करा.

उत्तर दोन महिने आलं नाही. मी वाट बघणं सोडून दिलं होतं. मधल्या काळात मी डिशवॉशरची माहितीपत्रकं केली, एका दवाखान्याचे फॉर्म केले. पाठ थोडी बरी झाली.

जूनमध्ये बाईंचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. त्यांचे यजमान वसंतात वारले होते. दोन्ही मुलांनी गढी विकायचं ठरवलं होतं, आणि एक कंपनी तिथे हॉटेल करणार होती. नव्या मालकांना जुनी पुस्तिका नको आहे, उरलेल्या प्रती खोक्यांत तशाच पडून आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मास्तरांचा मूळ कागद मात्र त्यांनी स्वतः नेऊन जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात दिला होता, सतरावं पान धरून.

मग पुढे लिहिलं होतं: "तुम्ही म्हणता तो अर्थ मला त्या दिवशीही माहीत होता. माझ्या वडिलांची माणसं ह्याच गावातली. खंदकावर काठ्या मारणाऱ्यांत आमचं कोणीतरी असणारच. लग्न होऊन गढीत आले तेव्हापासून ही गोष्ट मी इथे कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुमच्या पणजोबांबद्दल वाचलं आणि वाटलं, तुम्हाला सांगावं."

मी ते पत्र बाबांना मराठीत वाचून दाखवलं. कानातलं मशीन नवीन होतं, ओरडावं लागलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी कागद मागितला. त्यांना फ्रेंच येत नाही, तरी त्यांनी तो हातात घेऊन अक्षर पाहिलं.

"मग ती आता राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"गावातच. एका दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या आहेत."

"वर म्हणजे जिना आला. ह्या वयात." बाबांनी पत्र मला परत दिलं. "तिला लिही. एकटीने सामान चढवू नकोस म्हणावं."

मी त्या दुपारी बसून लिहिलं. अर्धं पान झालं, मग डोळे दुखायला लागले, म्हणून थोडी पडले. उठल्यावर उरलेलं पूर्ण केलं आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकून आले.